बारीक लॉट

दिपमालाने चाळणी उलटी करून टेबलावर आपटली. जाळीवर काहीच उरलं नव्हतं. नव्या लॉटची सगळी ॲल्युमिनियम पावडर सर्वांत बारीक जाळीतून खाली उतरली होती. मैद्याहून मऊ. ती हातही न पुसता लॅबमधून शेडकडे निघाली.

शेडमध्ये दसऱ्याची पूजा मांडली होती. पूजेसाठी कामगार जीवरामने हवेची नळी मारून मिक्सर, भिंती, छताचे अँगल सगळं लख्ख केलं होतं. झरोक्यातून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात ती रुपेरी धूळ अजून तरंगत होती. दाराबाहेर मालक योगेंद्र आणि त्यांच्या आई प्रमिलाबाई उभ्या होत्या. प्रमिलाबाईंच्या ताटात निरांजन पेटलेलं होतं.

“भाऊ, दिवा आत नको,” दिपमाला म्हणाली. “पावडर फार बारीक आलीय, आणि हवेत उडालेली आहे. पेट घेतला तर शेड राहणार नाही.”

“आज अख्ख्या एमआयडीसीत मशीनपुढे दिवे लागलेत, मॅडम. आपल्याकडेही दरवर्षी लागतो,” योगेंद्र म्हणाले.

“दरवर्षी पावडर जाड असायची. ती खाली बसते.”

“मॅडम फुलबाजीलाही घाबरत असतील,” जीवराम हसला.

“फुलबाजीत हीच पावडर असते, जीवराम.”

त्याचं हसू थांबलं. योगेंद्र उन्हाच्या पट्ट्याकडे बघत राहिले. मग त्यांनी आईचं कोपर धरून तिला दारापासून मागे घेतलं आणि तिच्या हातातलं ताट जीवरामकडे दिलं.

“तू ओवाळून ये. आई दमलीय.”

जीवरामने मालकाकडे पाहिलं, मग चपला काढल्या. दिपमाला दारात आडवी उभी राहिली.

“बाजूला व्हा.”

“नाही, भाऊ.”

“मग उद्यापासून येऊ नका.”

ती हलली नाही. चौकट धरलेल्या तिच्या बोटांखाली चंदेरी ठसे उमटले होते.

प्रमिलाबाईंनी आपल्या कोपराकडे पाहिलं. मुलाची पकड अजून सुटली नव्हती. त्यांनी त्याची बोटं एकेक करून सोडवली, जीवरामपाशी गेल्या आणि पेटती वात चिमटीत दाबली.

“अक्का, दिवा...” जीवराम पुटपुटला.

“वारा शे आज,” त्या अहिराणीत म्हणाल्या, आणि पोळलेली चिमूट पदराआड घेतली.

बाहेर लिंबाचं पानसुद्धा हलत नव्हतं.