फूल कोण खातं

माझ्या बायकोला, कलाबाईला, जाऊन सहा महिने झाले. ती माळा ओवायला बसायची तिथल्या भिंतीवर तिच्या बोटांचे पिवळे डाग अजून आहेत. मुलगा सोमनाथ चुना मारू म्हणाला. मी नको म्हणालो. कधी दुपारी पडवीत दोरा तुटल्यासारखा आवाज येतो. ती दोरा दाताने तोडायची. मी उठून बघतो, तर पडवी रिकामी असते.

सायखेड्याला आमचा झेंडू आहे. टोमॅटोवर औषध मारलं की आठ दिवस तोडत नाही. झेंडूला मात्र संध्याकाळी फवारायचं आणि सकाळी तोडायचं. फूल कोण खातं, असं मीच म्हणायचो.

दसऱ्याआधी दिशा नावाची मुलगी आली. ती नाशकात कॉलेजात झेंडूच्या रंगावर अभ्यास करते. तो रंग खाण्यात वापरायचा तर आधी पाकळीत विष किती उरतं ते तपासावं लागतं, म्हणाली. तिने पिशवीभर फुलं नेली. कलाबाईची शेवटची माळ खुंटीवर वाळली होती. तीही मी दिली.

पंधरा दिवसांनी दिशा परत आली. फुलांत औषध निघालं, माळेच्या दोऱ्यातही थोडं निघालं. मग मी तिला सगळं सांगितलं. कलाबाईचे डोळे पिवळे झाले तेव्हा झेंडूचा रंग चढला म्हणून मी थट्टा केली होती. दवाखान्यात नेईपर्यंत आठ दिवस गेले. लिव्हर गेलं होतं.

"माझ्या फवाऱ्यानं गेली का ती?"

"काका, माळेवरून ते सांगता येत नाही," दिशा म्हणाली. "नाही, असंही मी म्हणणार नाही."

दिशा गेल्यावर मी पडवीत आलो. सून रूपाली माळा ओवत होती. फुलं काल संध्याकाळी फवारलेली. मी तिला ती टाकून द्यायला सांगितलं आणि का, तेही सांगितलं. तिने सुई खाली ठेवली.

"मला ठाऊक हाय, मामा. आत्यांनी पहिल्या दिवशीच माझ्या हातात कात्री दिली. दोरा तोंडात धरू नको, डोकं धरतं, म्हणाल्या."

"मग ती मला का नाही बोलली?"

रूपालीने अर्धवट ओवलेली माळ बाजूला ठेवली.

"बोलल्या व्हत्या. मी हितंच बसले व्हते."

मला आठवत नाही. मी तेव्हा काय म्हणालो, ते मी रूपालीला विचारलं नाही.