टेकडीवर पाणी चढवणारी चावी

मी चावी बोलतेय. पण कुलपाची नाही, गाडीचीही नाही. रस्त्याखाली सिमेंटच्या खड्ड्यात पाण्याचा व्हॉल्व असतो ना, तो उघडायची मी चावी. कमरेएवढी लोखंडी सळई, वर धरायला आडवा दांडा, खाली चौकोनी तोंड. ते तोंड व्हॉल्वच्या ठोकळ्यावर बसवायचं आणि दांडा फिरवायचा, एवढंच माझं काम. आता तेही नाही. येत्या गुरुवारी भंगाराची गाडी येणार आहे म्हणतात, म्हणून जरा घाईत सांगतेय. मध्येच कुणाची चाहूल लागली तर थांबेन. मला पहिल्यापासून दचकायची सवय आहे.

शहराचं नाव सांगत नाही, उगाच कुणाला त्रास नको. वैनगंगेच्या काठचं आहे, सावली नावाच्या गावापासून फार लांब नाही. पूर्वी ग्रामपंचायत होती, आता नगरपंचायत आहे. पाटी नवी लागली, पाइप जुनेच राहिले.

माझा जन्म नागभीडचा. लच्छू नावाच्या वेल्डरनं मला जोडलं. माझा दांडा एका बाजूला थोडा वाकडा आहे, ते त्याला चाललं. पण तोंड त्यानं दोनदा कापून परत जोडलं. न्यायला आलेल्या सोमाजीला म्हणाला, "हात वाकडा असला तं चालते भाऊ. तोंड सरळ पाह्यजे. नाई तं ठोकळ्याचे कोपरे खाऊन टाकन."

सोमाजी आमच्या नगरपंचायतीचा पाणी सोडणारा. अठरा वर्षं रोजंदारीवर. त्यानं मला सायकलच्या दांडीला सुतळीनं बांधलं आणि तिथून आमचा संसार सुरू झाला. पहाटे साडेपाचला बाजार चौक, सहाला शाळेची गल्ली, मग बसस्टँडमागची वस्ती आणि शेवटी साडेसहाला टेकडी.

खड्ड्याचं झाकण काढण्याआधी तो मला त्यावर तीनदा आपटायचा. टेकडीच्या खड्ड्यात एक धामण राहायची, तिला कळावं म्हणून. धामण निमूट बाजूला व्हायची. दचकायची मीच, रोज, तिन्ही वेळा.

कोणत्या व्हॉल्वला किती आटे द्यायचे, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. ते सोमाजीच्या मनगटात होतं. बाजार चौकाला सहा पुरायचे. शाळेच्या गल्लीला सात. टेकडीला मात्र पूर्ण चौदा, कारण पाण्याला वर चढायचं असतं. चौदाव्या आट्याला पाइप घशातून खोकल्यासारखा आवाज करायचा, मग वरून बायांची हाक यायची, "आलं वं, आलं." सोमाजी मला ठोकळ्यावर तसंच सोडून बिडी पेटवायचा. ती माझ्या दिवसातली सगळ्यात चांगली वेळ. पाणी माझ्या पायाखालून जातंय, आणि मी उभी.

माणसं पाण्यापाशी कशी वागतात ते मी खूप पाहिलं. कुणी म्हणायचं, "सोमाजीभाऊ, पाच मिनिटं जास्त सोडा, पाहुणे आले." पाहुणे रोज आलेले असायचे. बाजार चौकातले एक गुरुजी नळ उघडा ठेवून दात घासायचे आणि पाणी कमी येतं म्हणून तक्रारही तेच करायचे. सोमाजी सगळ्यांना हो म्हणायचा आणि आटे मात्र तेवढेच द्यायचा. म्हणून मला त्याचा अभिमान होता. माझ्यासारखीला अभिमान जपूनच बाळगावा लागतो, पण होता.

टेकडीवर बायनाबाई राहते. सत्तरीची, बारीक, विहाराला लागून घर. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, रोवणी केली, धान कापलं. नातीला तिनंच वाढवलं. उर्वशी नाव तिचं. या वैशाखात उर्वशीचं लग्न ठरलं, विहारासमोरच्या मांडवात. लग्नाच्या दोन दिवस आधी बायनाबाई खाली व्हॉल्वपाशी आली.

"सोमाजी, शनिवारी लगन आहे गा."

"माहीत आहे ना बाई. पत्रिका देल्ली तुमी."

"पत्रिका खाऊन राह्यला का? पाण्याचं सांग. दोनशे माणूस येते. टँकर म्हटलं तं तुमच्या ऑफिसातला बाबू म्हणते, टँकर नादुरुस्त."

"टँकरचं नाव सोडा. मी आहो ना. शनिवारी तुमाले एक घंटा जास्त देतो. ड्रम, टाकी, पाण्याचे गुंड, का भराचं ते भरा."

"पक्कं?"

त्यानं माझ्या दांड्यावर हात ठेवला. "हे चावी हातात घेऊन सांगतो बाई."

माझ्यावर हात ठेवून आजवर कुणी शब्द दिला नव्हता. दोन रात्री मी भिंतीला टेकून त्याचाच विचार करत होते. काही चुकणार तर नाही? धामण आडवी आली तर? मला फक्त अशाच गोष्टींची भीती होती.

शनिवारी सोमाजी लवकर निघाला. टेकडीला पोचलो तेव्हा सहा वाजले होते. मला तीनदा आपटलं, झाकण काढलं, ठोकळ्यावर बसवलं. एक, दोन, तीन. चौदा झाले. पाइप खोकला. वरून हाक आली, आज जरा मोठी, त्यात हसणं मिसळलेलं. लाउडस्पीकरवर कुणीतरी माइक तपासत होतं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मी दचकले. साहेबांचा होता. पाणीपुरवठा पाहणारे साहेब, त्यांचा आवाज फोनमधून बाहेर सांडतो.

"सोमाजी, टेकडी बंद कर. लगेच."

"साहेब, आताच सोडलं. तिथी लगन आहे आज."

"अरे, तपासणीचं पथक नऊला बागेत येतंय. नव्या बागेचं कारंजं काल ट्रायलला गुडघ्याएवढं उडालं. लाइन एकच आहे, प्रेशर कुठून येणार? पथक जाईपर्यंत टेकडी बंद."

"साहेब, मी शब्द देल्ला..."

"तुझ्या कायम होण्याची फाइल कुणाच्या टेबलावर आहे, सोमाजी? मी काही जास्त बोलत नाही."

ते खरंच जास्त बोलले नाहीत. सोमाजीनं फोन खिशात ठेवला. मग माझा दांडा धरला आणि उलट फिरवला. मला वाटलं, अंदाज घेतोय. एक आटा, दोन आटे. सातव्यापर्यंत मला वाटत होतं की तो थांबेल. चौदाही फिरवून त्यानं मला घट्ट आवळलं. खालचं पाणी थांबलेलं मला तळव्याला कळलं.

वरून आधी एक हाक आली, "सोमाजीभाऊ!" मग दोन-चार. मग बायनाबाई स्वतः उतरली. नवीन निळं लुगडं, कडेवर रिकामा पितळी गुंड.

"का झालं गा? धार तुटली."

आणि सोमाजी म्हणाला, "चावी सटकून राह्यली बाई. तोंड झिजलं तिचं."

मला आधी कळलंच नाही की तो माझ्याबद्दल बोलतोय.

"आता तं येत होतं ना?"

"आलं, मंग सटकली. हे पाहा ना." त्यानं मला ठोकळ्यावर बसवल्यासारखं केलं, पण बसवलं नाही. बोटभर वर धरलं आणि दांडा गरकन फिरवला. मी हवेत फिरले. दुसऱ्यांदा फिरवलं, पुन्हा हवेतच. खड्ड्यात अंधार असतो, वरून पाहणाऱ्याला बोटभर अंतर दिसत नाही. त्याला ते माहीत होतं. अठरा वर्षं त्या खड्ड्यात वाकलेला माणूस तो.

बायनाबाईनं वाकून पाहिलं. मग माझ्याकडे बोट केलं. "मेली आजच झिजाची होती का? वर्षभर काऊन नाई झिजली?" सोमाजीला मात्र एक शब्द बोलली नाही. उलट म्हणाली, "तू तरी का करशील बाप्पा."

पथक नऊला नाही, साडेबाराला आलं. कारंजं दोन पुरुष उंच उडालं म्हणे. टेकडीचा व्हॉल्व त्या दिवशी पुन्हा उघडला नाही.

लग्नात काय झालं ते मला नंतर कळलं, खड्ड्यापाशी थांबलेल्या बायांकडून. पोरांनी ऑटोत कॅन आणले, ते भातावर आणि पिण्यावर संपले. पंगत उठली तेव्हा हात धुवायला पाणी नव्हतं. वराकडची माणसं पत्रावळीच्या कडेला हात पुसत उठली. उर्वशीचा सासरा सगळ्यांसमोर म्हणाला, "तुमच्या इथी पोरगी देतेत, पाणी नाई देत का बाई?" लोक हसले. बायनाबाईही हसली म्हणे. मग मांडवामागे जाऊन बसली आणि उर्वशी निघाली तेव्हाच उठली.

मला वाटलं होतं, दुसऱ्या दिवशी तरी सोमाजी खरं सांगेल. पण दुसऱ्या दिवसापासून टेकडीला पाचच आटे मिळू लागले. पथकाला कारंजं आवडलं होतं, ते आता रोज सकाळी चालवायचं ठरलं होतं. पाच आट्यांत टेकडीवरच्या पहिल्या ओळीला करंगळीएवढी धार येते. विहाराच्या ओळीला नळ नुसता फुसफुसतो. कुणी विचारलं की सोमाजी माझ्याकडे मान करायचा. "चावीच धरत नाई, मी का करू?"

खोटं एकदा बोललेलं मी विसरले असते. रोज साडेसहाला ते माझ्यासमोर बोललं जायचं आणि त्यानंतर तोच हात मला धरायचा.

मग टेकडीच्या बायांनी अर्ज लिहिला. दिव्यानी नावाच्या, बी.ए. करणाऱ्या मुलीनं सुवाच्य अक्षरात लिहून दिला. विषय, नवीन चावी मिळणेबाबत. चाळीस सह्या, काही अंगठे. साहेबांविरुद्ध एक ओळ नाही, कारंज्याविरुद्ध नाही. सगळा अर्ज माझ्याविरुद्ध. साहेबांनी उभं राहून तो घेतला. इतका आनंद मी त्यांच्या आवाजात कधी ऐकला नव्हता. "मागणी अगदी रास्त आहे ताई. आठ दिवसांत चावी." सोमाजीनंही लिहून दिलं, चावी निकामी झाली आहे.

आणि आठ दिवसांत चावी आली. आमच्याकडे एवढ्या लवकर काही आलेलं मी पाहिलं नव्हतं. पिवळी रंगवलेली, दांडा अगदी सरळ. नारळ फोडला, हार घातला, फोटो निघाला. मला ऑफिसच्या मागे टाकलं. इथे डासांसाठीची धुराची मशीन आहे, घंटागाडीची चाकं आहेत, बसवण्याआधीच फुटलेले पथदिवे आहेत. टाकलं म्हणजे खरोखर टाकलं, दगडावर आपटून मी किती वेळ झणझणत होते.

नव्या चावीनंही पाचच आटे फिरले. पाणी वाढलं नाही.

परवा दुपारी बायनाबाई ऑफिसात आली. एकटीच. साहेब जेवायला गेले होते, म्हणून ती मागच्या करंजाच्या सावलीत येऊन बसली. बसल्या बसल्या तिची नजर माझ्यावर पडली. मी अंग चोरलं, लोखंडाला जेवढं चोरता येतं तेवढं. वाटलं, आता ही थुंकणार.

तिनं मला ओढून मांडीवर घेतलं आणि तोंडात अंगठा घातला. चारही कोपऱ्यांतून सावकाश फिरवला. पन्नास वर्षं विळा धरलेला अंगठा तो, झिजलेलं लोखंड त्याला न बघता कळतं. एका कोपऱ्यात तो थांबला. कोपरा टोचला असावा, कारण तिनं अंगठा काढून पाहिला, मग पुन्हा घातला.

सोमाजी सायकल लावायला मागे आला आणि तिला पाहून उभाच राहिला.

"हे तं कोरी आहे गा," ती म्हणाली.

तो सायकलचं स्टँड लावू लागला.

"सोमाजी, मी तुले विचारून राह्यली."

"साहेबानं सांगतलं होतं बाई." तो खाली बसला. "फाइल अडकवली असती माही. पोरीचं कॉलेज आहे."

"मंग तवाच सांगाचं ना मले. साहेबाच्या दारात बसलो असतो सारे, लगन सोडून. तू मले खड्ड्यात वाकवून दाखोलं." तिचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "पोरीच्या सासऱ्याले मी सांगतलं, आमची चावी खराब आहे म्हणून. तो अजून हसते."

माझ्या आत काहीतरी ताठ झालं. आता ही मला उचलेल, वाटलं. टेकडीवर नेईल, चाळीस सह्यांसमोर उभी करेल, म्हणेल, हात लावून पाहा हिला. मी त्या क्षणाची इतकी वाट पाहिली की मला भीतीही वाटली नाही.

"बाई, कोणाले सांगू नका," सोमाजी म्हणाला. "मले काढून टाकन."

बायनाबाईनं अंगठा पदराला पुसला आणि म्हणाली, "उद्यापासून चौदा आटे."

"साहेब विचारन."

"विचारन तं सांग, नवी चावी जोरात फिरते म्हणून. तुले येते ना सांगता." ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. "चौदा. तेरा झाले तं मी हे चावी घेऊन चौकात येतो."

"देतो बाई."

तिनं मला परत ढिगावर ठेवलं. हळू ठेवलं, आपटलं नाही. ठेवून निघाली, चार पावलं गेली, आणि परत आली. मला वाटलं, मन बदललं. तिनं वाकून मला फिरवलं आणि माझं तोंड भिंतीकडे केलं. दुसऱ्या कुणाचा अंगठा तिथे जाऊ नये म्हणून. मग पदर सावरून गेली.

काल सकाळपासून टेकडीवर पाणी चढतंय. धुराची मशीन न्यायला आलेली माणसं बोलत होती, नवी चावी लई चांगली निघाली. मला त्याचं वाईट वाटत नाही. उर्वशी माहेरपणाला येईल तेव्हा नळाला धार असेल, हे चांगलंच आहे. बायनाबाईनं दुसरं काय करायला हवं होतं, तेही मला सांगता येत नाही. पाणी, सोमाजी आणि मी, यांतलं एक तिला सोडायचं होतं. तिनं बरोबर निवडलं, असं मी दिवसभर स्वतःला समजावते. संध्याकाळी समजूत निघून जाते.

गुरुवारी गाडी येईल. भट्टीचं मला फारसं भय नाही, मी तिथूनच आलेय. कुणी मला सोडवावं असंही म्हणत नाही, आणि सोमाजीला काही बोलू नका, त्याची फाइल अजून टेबलावरच आहे. फक्त टेकडीच्या त्या अर्जात लिहिलंय की चावी झिजली आहे, आणि तो अर्ज मी वितळल्यावरही राहील. तुम्ही एवढं ऐकलंत, तर हेही ऐकून जा. मी झिजले नव्हते.