रडलो की रडले?

कायद्याच्या कॉलेजात प्रवेश मिळणं किती अवघड झालंय, हे रडगाणं आपण सगळ्यांनीच कुठे ना कुठे ऐकलंय. जागा ऐंशी, अर्ज हजारो, वर निबंध आणि मुलाखत. पण नागरिकहो, हे रडगाणं सगळ्यांत मोठ्या आवाजात गाणारे बहुतेक वेळा मागच्या दाराची किल्ली खिशात घेऊन बसलेले असतात. आमचे वकीलसाहेब त्यांतलेच एक.

साहेबांची मुलगी गेल्या वर्षी आपटली होती. यंदा ती स्वतःच्या अभ्यासावर लेखी परीक्षा पास झाली, पण साहेबांचा त्यावर विश्वास बसेना. राहिला होता निबंध: 'मी पाहिलेला एक अन्याय'. तिने पानभर लिहिलंही होतं. असलं बाळबोध लिखाण कोण वाचतं, म्हणत साहेबांनी ते न वाचताच बाजूला टाकलं आणि एका प्रवेश-सल्लागाराकडून तयार निबंध मागवला. हा गृहस्थ दर वर्षी डझनभर मुलांना गरिबांचा कळवळा पुरवतो.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी तो हाताने खरडलेला निबंध साहेबांच्या ऑफिसातल्या टायपिस्टबाईंच्या टेबलावर आला. निबंधातली मुलगी म्हणे दोन वर्षं झोपडवस्तीत मोफत कायदेशीर सल्ला देत होती! साहेबांच्या मुलीने वस्ती पाहिली होती ती गाडीच्या काचेतून. बाई टाइप करत गेल्या. तिसऱ्या पानावर एका म्हातारीचं घर पाडतात, तिथे त्यांची बोटं थांबली.

"साहेब, इथे लिहिलंय, 'ते पाहून मी ढसाढसा रडलो.' रडलो ठेवू की रडले करू?"

"रडले करा. एक काना तर काढायचाय, त्यात विचारायचं काय?"

"काना मी काढीन," बाई म्हणाल्या. "पण रडला तो दुसराच कुणीतरी मुलगा. की तोही रडला नव्हता?"

साहेब भडकले. त्यांनी बाईंना नोकरीची आठवण करून दिली, आणि सगळेच असं करतात हेही ऐकवलं. सगळेच! आपल्याकडे हा शब्द कुठल्याही लबाडीवर शिक्क्यासारखा मारता येतो.

समोर बसलेल्या मुलीपुढे बाईंनी अर्ज सरकवला. शेवटी छापील ओळ होती, 'वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा व बरोबर आहे', आणि खाली सहीची जागा.

"ही ओळ मी एकोणीस वर्षं टाइप करतेय, बाळा. सही करणारा खोटं बोलतोय हे कळत असतानाही केलीय. तेव्हा वाटायला हवी होती ती लाज आज वाटतेय. उद्या याच ओळीवरून तू लोकांना कोर्टात धरणार, आणि तुझी स्वतःची पहिली सही खोट्याखाली?"

मुलीने ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. यंदा हुकलं तर आणखी एक वर्ष जाणार, हे तिला ठाऊक होतं.

"बाबा, मी रडले नव्हते," ती म्हणाली, आणि तिने आपलं टाकून दिलेलं पान बाईंकडे दिलं.

बाईंनी ते मोठ्याने वाचत टाइप केलं. त्यात होतं: ऑफिसबाहेरच्या बाकावर एक हमाल तीन दिवस येऊन बसत होता. वडील आत कॉफी पीत असताना 'साहेब कोर्टात गेलेत' असं त्याला तिन्ही दिवस तिनेच सांगितलं होतं. त्याच्या अपिलाची मुदत टळली. हा अन्याय मी पाहिला, आणि त्यात मी सामील होते, असं तिने लिहिलं होतं. साहेबांची मान हळूहळू खाली गेली.

पहिल्या यादीत तिचं नाव नव्हतं. प्रतीक्षायादीत ती सातवी होती आणि प्रवेश सहाव्यावर थांबले. सल्लागाराच्या जाहिरातीत मात्र तीन नव्या विद्यार्थ्यांचे फोटो झळकले. त्याच म्हातारीसाठी तिघेही ढसाढसा रडले असणार!

त्या आठवड्यात साहेबांनी हमालाला बोलावून आत खुर्चीवर बसवलं. अपिलाला झालेला उशीर माफ व्हावा म्हणून त्यांनी बाईंना स्वतःचं प्रतिज्ञापत्र सांगायला घेतलं: "उशीर अर्जदारामुळे झाला नाही. मी ऑफिसात असून त्यांना भेटलो नाही." 'खरा व बरोबर'च्या खाली त्यांनी सही केली.

नागरिकहो, जागा ऐंशीच राहतील, परीक्षाही कठीणच राहील. निदान आपल्या लेकरांचं खरं पान त्यांच्या हातून काढून घेऊ नका. साहेबांची मुलगी पुन्हा अभ्यासाला बसली आहे.