काळ्या कापडाखालचे कान

उंदीरघराच्या दारात मुंगी शिरायला जागा नव्हती. झाडूवाल्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळी प्रयोगशाळा माना उंचावून उभी. तीन दिवसांपूर्वी याच पिंजऱ्यांतले चाळीस पांढरे उंदीर खरखरत होते, डोळ्यांतून तांबडं पाणी गाळत होते. फुंकरबाबांनी पिंजऱ्यांवर एकेक फुंकर मारली, काळं कापड पांघरलं आणि बजावलं, "कापड उचलेल त्याच्या छातीत ही खरखर जाऊन बसेल! दाणापाणी फक्त दादा घालतील."

दादा म्हणजे उंदीरघराचे मुकादम. उंदीर सांभाळणाऱ्या ताईचे सख्खे थोरले भाऊ.

आज कापड सरकलं. उंदीर टुणटुणीत, डोळे कोरडे, खरखर गायब.

"रक्ताचे अश्रू पुसले!" बाबा गरजले. "श्वास माझा चाकर आहे. बोलावला की येतो!"

"मग मघाशी जिन्यावर का नाही आला, बाबा? चांगलेच धापा टाकत होतात," प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. लोकांनी त्यांनाच गप्प केलं.

ताईचा जीव भांड्यात पडला. तिच्या सात वर्षांच्या लेकीला दम्याचा त्रास. "पंप कपाटात ठेव," दादा म्हणाले होते, "उंदरांना पावतील ते बाबा बाळीला पावणार नाहीत?" तीन दिवस पंप कपाटात होता. आज सकाळी बाळीला "आई, पाणी दे" एवढंही एका दमात म्हणता आलं नव्हतं.

आनंदानं ताईनं आपल्या लाडक्या उंदरिणीला, म्हातारीला उचललं. ओळख पटावी म्हणून प्रत्येक पिल्लाच्या कानाला ताईच खाच पाडायची. म्हातारीच्या डाव्या कानाला दोन. वर्षाच्या जुन्या खाचा, काजाच्या शिवणीसारख्या गुळगुळीत असायच्या. ताईचं बोट तिथं गेलं आणि थबकलं.

खाचांवर ओली खपली होती.

तिनं दुसरा उंदीर पाहिला. तिसरा. सगळ्यांच्या कानांच्या खाचा ताज्या.

"दादा, म्हातारीच्या कानावर खपली कशी?"

"कृपेनं जुन्या जखमाही कोवळ्या होतात!" बाबा मध्येच म्हणाले.

"कृपा कात्री कधीपासून चालवायला लागली?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

दादा फरशीकडे बघत होते. "नवे उंदीर सहा आठवडे वेगळे ठेवायचे असतात. मी थेट आत सोडले, त्यांच्यासोबत रोग आला. नोकरी जाईल म्हणून या बाबांना आणलं. आजारी काढून कापडाखाली बाहेरचे निरोगी उंदीर घातले, कानांना तशाच खाचा पाडल्या."

"आणि माझी पोर? पंप कपाटात ठेवायला सांगताना तुला सगळं ठाऊक होतं?"

"तुझा विश्वास बसला असता, तर बाकीच्यांचा बसला असता गं."

ताईनं दादांच्या हातांकडे पाहिलं. याच हातांनी तिला चालायला शिकवलं होतं.

"ते रक्त नव्हतं," डॉक्टरीणबाई गर्दीला म्हणाल्या. "उंदीर आजारी पडला की डोळ्यांमागच्या ग्रंथीतून तांबडा रंग झरतो. रोग जंतूंचा, नाकातून नाकात जाणारा. याच खोलीत ठेवलेत ना हे नवे? काही दिवसांत हेही खरखरतील. जंतूला फुंकर कळत नाही."

तोवर बाबा मागच्या दारानं पसार झाले होते.

ताई आवारामागच्या आपल्या खोलीकडे धावली. कपाट, पंप, लेकीचे निळसर ओठ. दोन दाब दिले. मग ती लेकीची पाठ चोळत बसून राहिली.

बऱ्याच वेळानं बाळी एका दमात म्हणाली, "आई, उंदीर खरंच बरे झाले का गं?"

"नाही बाळा. आणि ऐक. कापड उचलू नका असं कुणी सांगितलं, की आधी ते कापड उचलायचं." ताईनं पंप तिच्या उशाशी ठेवला. "मग सांगणारा तुझा मामा का असेना."