कापडाखालचा दिवा

मित्रांनो, मी एक जुनी, लांब पाठीची गाडी आहे, आणि मान वर करून सांगावं असं माझ्याकडे फारसं काही नाही. तरी सांगते. माझ्यामुळे जे झालं ते दुसऱ्या कुणी सांगितलं तर तो माझी बाजू घेईल, म्हणेल जुनी गाडी आहे, चालायचंच. तसं मला नको आहे.

माझ्या जातीला इस्टेट म्हणतात. पुढून मी चारचौघींसारखीच, पण मागे डिकीच्या जागी छतापर्यंत एक आख्खी खोली आहे. पुण्यात माझ्यासारख्या फारशा खपल्या नाहीत. माझे पहिले मालक सलिल मला घरी घेऊन आले, तेव्हा शेजारच्या सुशीलाबाई गॅलरीतून वाकून म्हणाल्या, "गाडी छान आहे हो. पण गेलं कोण?" त्या दिवसापासून मला माझी ही शववाहिकेसारखी पाठ कुठेतरी लपवावीशी वाटायची. सलिल यांनी मला आठ वर्षं वापरलं आणि मग मुनव्वरभाईंना विकलं.

मुनव्वरभाई रफूगार. घोरपडे पेठेत त्यांचं दुकान आहे, स्वारगेटपासून चालत दहा मिनिटांवर. रफू म्हणजे काय हे तुमच्यातल्या कितीजणांना माहीत असेल कोण जाणे. शालीला कसर लागते, पैठणीवर निरांजनाची ठिणगी पडते, कोट खिळ्याला अडकतो. मग त्याच कापडाच्या कडेचे धागे काढून ते भोक असं विणायचं की पुन्हा दिसता कामा नये. काम झालं की मुनव्वरभाई कापड गिऱ्हाइकापुढे पसरायचे आणि एकच शब्द म्हणायचे, "शोधा." गिऱ्हाईक उजेडात धरून बघायचं, बोट फिरवायचं. सापडायचं नाही. मग ते चष्म्यावरून बघत हसायचे.

त्यांनी माझ्या पाठीत एक आडवी दांडी बसवली. शहरभरच्या लाँड्र्यांमधून आणलेले कोट आणि शेरवान्या तिला टांगलेल्या असायच्या, एक चुणी पडायची नाही. खाली चादर अंथरून शालू आडवे झोपायचे. खरं सांगते, माझ्या पाठीचा मला पहिल्यांदा अभिमान वाटला तो तेव्हा.

आता त्या दिव्याकडे येते. माझ्या डॅशबोर्डवर डाव्या कोपऱ्यात एक लाल दिवा आहे. त्यावर मागचं दार वर उचललेल्या गाडीचं चित्र आहे. दार नीट लागलं नसेल तर तो पेटतो. त्याचं काम एवढंच, आणि तेवढंही मला जमेना. स्विच झिजला, आणि दार घट्ट बंद असताना दिवा पेटायला लागला. मुनव्वरभाई भर रस्त्यात उतरायचे, मागे जाऊन दार ओढून बघायचे, ते बंदच असायचं. दशरथ मेकॅनिकने दोनदा स्विच साफ करून दिला. तिसऱ्यांदा तो वैतागून म्हणाला, "मुनव्वरभाई, दार ठीक आहे. दिवा येडा झालाय. बघूच नका त्याच्याकडे."

पण रफूगाराला खोट दिसली की तिच्याकडे न बघणं जमतं का? एका दुपारी त्यांनी काळ्या अस्तराचा नखाएवढा तुकडा कापला. डॅशबोर्डवर जशी बारीक दाणेदार नक्षी आहे, तशी त्यावर सुईने उठवली आणि तो दिव्यावर चिकटवला. मग दशरथला हाक मारून म्हणाले, "शोधा."

दशरथने डोकं आत घालून दोन मिनिटं शोधलं. "आयला! दिवा गेला कुठं?"

मुनव्वरभाई खूश झाले. आणि मित्रांनो, मीही खूश झाले, याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते. माझी खोट झाकली गेली, आता कुणी मला येडी म्हणणार नाही, एवढंच माझ्या मनात आलं.

पुढे दोन वर्षांत दाराचं लॉकही झिजलं. दार लागताना 'टक टक' असे दोन आवाज यायला हवेत. आता कधीकधी एकच यायचा. दिवा तेव्हा खरं बोलत होता. मी पेटत होते, कापडाखाली, आणि मला माहीत होतं की कुणाला दिसत नाही.

मुनव्वरभाईंची मुलगी सुमय्या लोणी काळभोरच्या बाजूला एका कॉलेजात आर्किटेक्चर शिकत होती. यंदाच्या मे महिन्यात तिची शेवटची परीक्षा होती. तिला तिथे ज्युरी म्हणतात. परीक्षकांसमोर आपल्या इमारतीची प्रतिकृती ठेवायची आणि ती समजावून सांगायची. त्यात पास झालं तरच पदवी, नाहीतर सहा महिन्यांनी पुन्हा. सुमय्याने पेठेतल्या कारागिरांसाठी एक इमारत रचली होती. ओळीने छोटी दुकानं, आणि प्रत्येकाच्या छताला उत्तरेकडून उजेड येईल अशी काच. कारण दुपार कलली की तिच्या अब्बूंना आता धागा दिसत नसे. प्रतिकृती करायच्या आधी तिने अब्बूंचीच मापाची टेप घेऊन माझी पाठ मोजली होती, आणि प्रतिकृतीखालची फळी बरोबर तेवढीच कापली. चार महिने ती त्या प्रतिकृतीवर खपत होती.

त्या सकाळी त्या दोघांनी ती प्रतिकृती माझ्यात सरकवली. मुनव्वरभाईंनी दार ओढलं. टक. एकच आवाज.

"अब्बू, नीट लागलं ना?" सुमय्याने विचारलं.

त्यांनी पुढे बसून सवयीने डॅशबोर्डवर नजर टाकली. "लागलं की. नाहीतर दिवा नसता का पेटला?"

अहो, स्वतः लावलेलं कापड ते स्वतःच विसरले होते! इतकं ते बेमालूम होतं. मी आतून जिवाच्या आकांताने पेटत होते, पण पेटून काय उपयोग?

मगरपट्ट्यापासून मागे एक टेम्पो सारखा हॉर्न देत होता. पुण्यात मागचा माणूस हॉर्न देतो म्हणून कुणी थांबतं का? मुनव्वरभाई म्हणाले, "याला काय मुहूर्त गाठायचाय?" मग पुलाचा चढ लागला. एक हिसका बसला, दार वर गेलं, चादरीवरून फळी घसरली आणि रस्त्यावर पडली. टेम्पोवाल्याने करकचून ब्रेक मारला, तरी पुढचं चाक अर्ध्या दुकानांवरून गेलं.

टेम्पोवाला बद्रीनाथ वऱ्हाडातला होता. तो बिचारा उतरून कावराबावरा होऊन म्हणाला, "काका, केव्हाचा हॉर्न मारून राहिलो ना मी! दार हालून राहिलं होतं तुमचं!"

सुमय्या रडली नाही. तिने तुकडे ओढणीत गोळा केले. मुनव्वरभाई पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, "पण दिवा पेटला नव्हता गं. शपथेवर सांगतो, पेटला नव्हता."

ती माझ्यात वाकली आणि डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. दोन वर्षांत कुणाला न सापडलेली जागा तिला सापडली, कारण ती जागा गरम लागत होती. तिने नखाने कापड सोलून काढलं. खाली मी लालभडक पेटलेली. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

मुनव्वरभाईंनी सुयांची डबी काढली. "मला तासभर दे, बेटा. असं जोडून देतो, परीक्षकांना शोधून सापडणार नाही."

"नको अब्बू," ती हळूच म्हणाली. "आता काही झाकू नका."

तसेच आम्ही कॉलेजला पोचलो आणि ती अर्धी इमारत घेऊन आत गेली. मी कॉलेजच्या फाटकापाशी उभी होते आणि मुनव्वरभाई माझ्या मागच्या दाराशी, उन्हात. दुपारी ती बाहेर आली. "नोव्हेंबरमध्ये पुन्हा या म्हणाले," एवढंच बोलली आणि पुढे येऊन बसली.

दुसऱ्याच दिवशी मला दशरथकडे नेलं. लॉक नवं मिळालं. स्विच मात्र मिळेना, माझ्यासारख्या गाड्यांचं सामान आता सगळं मिळत नाही. दशरथ म्हणाला, "लॉक चोख आहे. दिवा येडाच राहणार. वायर कापून टाकू?"

"दिव्याला हात लावायचा नाही," मुनव्वरभाई म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला.

नोव्हेंबरात सुमय्याची नवी प्रतिकृती माझ्या पाठीत चढली. टक टक. निघालो, आणि पुलगेटलाच मी पेटले. दार बंद होतं हो, पण झिजलेल्या स्विचला कोण समजावणार! मुनव्वरभाईंनी गाडी कडेला घेतली, उतरले, मागे जाऊन दार ओढून पाहिलं. बंद. फातिमानगरला मी पुन्हा पेटले. ते पुन्हा उतरले. हडपसरला दोनदा. मागचे लोक काय वाट्टेल ते बोलत होते, एकजण तर म्हणाला, "आजोबा, चालतच जा की!" साठी उलटलेल्या त्या माणसाचे गुडघे दुखतात, हे मला माहीत आहे. लोणीपर्यंत ते अकरा वेळा उतरले. अकराही वेळा दार बंद होतं. दर वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं, आणि दर वेळी ते परत येऊन चष्मा पुसून स्टिअरिंग धरत होते.

प्रतिकृती धडधाकट पोचली. सुमय्या पास झाली.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादं जुनं यंत्र असेल, एखादं जुनं माणूस असेल, उगाचच ओरडणारं. दहा वेळा ते खोटं निघेल, तुम्ही वैतागाल, मी समजू शकते. पण त्याच्यावर कापड लावू नका. मी अजून रस्त्यात कारण नसताना पेटते, मुनव्वरभाई अजून उतरतात, आणि मागे जाऊन दाराला हात लावतात.