वकिलाला दिलेलं मत

सकाळी अकरा वाजता पुकारा झाला. म्हातारी हात जोडून उभी राहिली, तिचा वकील आलाच नव्हता. न्यायाधीशांनी दाराकडे पाहिलं, पुन्हा पुकारायला लावलं आणि दगडखाणीवरची मनाई उठवली.

ती मनाई त्याच वकिलानं मिळवली होती. सायकलदुरुस्तीच्या दुकानावर त्याची खोली. पण जमिनीची केस घ्यायची तर आधी चपला काढून तो शेत चालून बघायचा. म्हातारीच्या विहिरीत तर तो दोर धरून उतरला. सुरुंगांनी गेलेल्या चिरा त्यानं हातानं चाचपल्या आणि कोर्टात असा बोलला, की खाणमालकाच्या वकिलाला घाम फुटला. खाण बंद पडली.

मग गावालाच सुचलं, एवढा माणूस इथं कशाला कुजवायचा? म्हातारीनं दारोदार फिरून त्याच्यासाठी मतं मागितली. तो खासदार झाला, राजधानीला गेला. खटला इथंच राहिला.

"वहिनी, दुसरा वकील बघ म्हणत होतो," कोर्टाच्या पायरीवर दीर म्हणाला.

"निवडून आलेल्या माणसाकडनं काम काढून घेऊ? बरं दिसलं असतं?"

"आता दिसतंय ना बरं."

"मत तूही त्यालाच दिलंस."

"दिलं की. आपला वकील आपणच पळवला. खाणवाल्याला जन्मात जमलं नसतं."

दोघं खोलीवर गेले. तिथं वकिलाचा भाचा बसला होता, तोही वकीलच.

"मामा अधिवेशनात आहेत, आजी."

"मग तू उभा राहा."

"वकीलपत्र त्यांच्या नावावर आहे. मला उभं राहायचं तर त्यांची सही लागते."

"घे की मग सही."

"फोन त्यांचा सचिव उचलतो."

"त्याला सांग, विहीरवाली म्हातारी आलीय."

"सांगितलं. तो म्हणतो, निवेदन पाठवा."

खुंटीवर वकिलाचा काळा कोट लटकत होता. दिरानं त्याच्यावरची धूळ झटकली. "हा तरी पाठवायचास आज," तो म्हणाला.

दुपारी खाणीचा भोंगा वाजला. सुरुंग उडाला, शेतात पायाखालची ढेकळं हलली. उभ्या पिकावर पांढरी भुकटी बसली, पानं राखेत लोळल्यासारखी झाली. म्हातारी बांधावरून उठली नाही.

शुक्रवारी तिनं बादली सोडली, तर दोर हातभर जास्त लागला. वर आलेलं पाणी गढूळ होतं. सही अजून आलेली नाही.