टोकन एकशे बारा

"वय शहाऐंशी! सॉलिड ना!" जयंतीच्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत मनाली मॅडम म्हणाल्या. "सगळ्यात वयस्कर लाभार्थी. अहवालात ह्यांचाच फोटो टाकू. नाव काय, ताई?"

"अक्षता घरत," जयंतीने वाचलं, आणि पुढचं वय पुन्हा एकदा पाहिलं.

अक्षता घरत तिला चांगली आठवत होती. मनोरीच्या नेत्रशिबिरात ती आठ महिन्यांचं बाळ कडेवर घेऊन आली होती आणि त्या बाळाने डॉक्टरांच्या हातातली बॅटरी काही केल्या सोडली नव्हती. शहाऐंशी वर्षांच्या बाईच्या कडेवर नातवंड असू शकतं, पण हे तिचं स्वतःचं होतं.

"सोमवारी देणगीदार कंपनीची माणसं येतायत," मॅडम केबिनकडे वळत म्हणाल्या. "तो हिरवा चार्ट पहिल्या पानावर घ्या. एकदम झकास झालाय."

जयंतीने यादीवर बोट फिरवलं. सीताराम चोगले, वय एकोणतीस. तो तर काठी टेकत आला होता. नितेश वैती, वय चौऱ्याहत्तर. तो आईला घेऊन आला होता आणि फार तर चाळिशीचा होता. खाली खाली सरकत ती एकशे शहाऐंशीव्या नावापर्यंत गेली आणि तिच्या लक्षात आलं, की एकाही माणसाचं वय त्याच्या अंगाला बसत नाही.

बोरिवलीतल्या ट्रस्टच्या ह्या नेत्र दवाखान्यात जयंती कासारेला तेवीस वर्षं झाली होती. त्यातली एकवीस तिने रजिस्टरं लिहिण्यात घालवली. तिचं अक्षर इतकं सुबक, की डॉक्टर स्वतःची चिठ्ठी तिच्याकडून वाचून घेत. दोन वर्षांपूर्वी रजिस्टरं कपाटात गेली आणि नव्या आलेल्या मनाली मॅडमनी गोड आवाजात सांगितलं, की ताई, एक्सेल शिका, नाहीतर आम्हाला दुसरं कोणीतरी बघावं लागेल. चौपन्नाव्या वर्षी दुसरीकडे कोण बघणार होतं तिला? ती शिकली. शेजारच्या टेबलावरची श्रुतिका सांगायची आणि जयंती शंभर पानी वहीत लिहून घ्यायची. चार्ट करण्याआधी मधे रिकामी ओळ ठेवू नये. बेरीज हाताने टाइप करू नये. चुकलं तर कंट्रोल झेड. फाइल बंद केल्यावर कंट्रोल झेड चालत नाही. ह्या शेवटच्या वाक्याखाली तिने दोनदा रेघ मारली होती.

"श्रुतिका, जरा ये गं इकडे."

श्रुतिकाने यादी पाहिली, माउस हातात घेतला, आणि वरपासून खालपर्यंत वयं तपासली.

"ताई, तुम्ही नावं सॉर्ट केली होती का?"

"मॅडमनी सांगितलं होतं. चष्मे वाटताना सोपं जावं म्हणून एबीसीडीप्रमाणे. तू रजेवर होतीस तेव्हा."

"तेव्हा एक खिडकी आली असेल. एक्स्पांड द सिलेक्शन, की कंटिन्यू विथ करंट सिलेक्शन?"

आली होती. जयंतीला तो क्षण लख्ख आठवला. एक्स्पांड म्हणजे वाढवणं. वाढवायला कोणी सांगितलं होतं? आहे तेवढ्यातच करावं, उगाच जास्त काही मागू नये, हा तिचा आयुष्यभराचा शिरस्ता. घर घेताना, भाकरी वाढून घेताना, पगार ठरताना तिने तेच केलं होतं. तिने दुसऱ्या पर्यायावर टिचकी मारली होती.

"वाट लागली," श्रुतिका हळूच म्हणाली. "फक्त नावं हलली, ताई. टोकन, वय, डोळ्यांचे नंबर जागच्या जागी राहिले. ह्याचं नाव, त्याचा नंबर. आणि हीच यादी चष्म्यांच्या कारखान्यात गेली."

"पण चार्ट तर बरोबर आला!"

"चार्ट बरोबरच येणार. चार्ट मोजतो. माणसं तेवढीच, नंबर तेवढेच. त्याला काय कळणार कोणाचं काय ते?"

स्क्रीनवर तो गोल चार्ट हिरवागार झळकत होता. 'चष्मा मिळाला : हो, एकशे शहाऐंशी.' जयंतीला रडू फुटेना. ती तशीच उठून केबिनमध्ये गेली आणि घडलं ते सगळं मॅडमना सांगितलं.

मनाली मॅडम वाईट नव्हत्या. त्या घाबरल्या, आणि घाबरलेलं माणूस पहिल्यांदा दार लावून घेतं, तसं त्यांनी लावून घेतलं.

"वाटप होऊन पाच आठवडे झाले. एक तरी तक्रार आली का?"

"नाही."

"फीडबॅक फॉर्ममध्ये सत्त्याण्णव टक्के समाधानी आहेत."

"ते फॉर्म चष्मा हातात देतानाच भरून घेतले होते, मॅडम. लावून बघायच्या आधी."

"केसपेपर बघून दुरुस्त करता येईल?"

"एन्ट्री झाल्यावर रद्दीत दिले. तुम्हीच म्हणालात, आता सगळं डिजिटल."

मॅडमनी आवाज खाली आणला. "हे बघा ताई, एकशे शहाऐंशी नवे चष्मे कुठून आणायचे? हे बाहेर गेलं तर पुढची देणगी गेली, दवाखाना गेला. सोमवार होऊ दे. तोपर्यंत तुम्ही काही करायचं नाही. आणि तुमचं कॉन्ट्रॅक्टही ह्याच महिन्यात संपतंय, माहितीये ना?"

माहीत होतं. ते विसरण्याइतकी चैन तिला कधी परवडली नव्हती.

त्या रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. तक्रार का आली नाही, ह्याचं उत्तर तिच्यापाशीच होतं. वाटपाच्या दिवशी माइक तिच्याच हातात होता. नवा चष्मा आहे, डोकं जड होईल, गरगरेल, घाबरू नका, सवय होईल, काढून ठेवू नका. दर शिबिरात सांगायची तेच सांगितलं होतं. आणि लोकांनी ऐकलं होतं. कोणीतरी आपल्याला मनापासून ऐकलं ह्याची तिला जन्मात पहिल्यांदा भीती वाटली.

रविवारी सकाळी यादीचा प्रिंट पर्समध्ये घालून ती मार्व्याला गेली आणि फेरीबोटीने पलीकडे मनोरीला उतरली. काय करणार आहे ते तिला ठाऊक नव्हतं. निदान माफी मागून चष्मे काढून ठेवायला सांगावं, एवढंच मनात होतं.

पहिलं घर लागलं ते द्रौपदी केणीचं. म्हातारी ओट्यावर सुका जवळा निवडत बसली होती. चष्मा नाकावर, पण डोळे मिटलेले. खडे आणि कचरा ती बोटांनीच चाचपून काढत होती.

"आजी, डोळे का मिटलेत?"

"उघडले का जमीन खाली जाते, बाय. सवय होतेय हळूहळू."

जयंती तिच्याशेजारी ओट्यावर बसली. "आजी, तो काढा. तो तुमचा नाहीच. माझी चूक झाली."

"माजाच हाय. डबीवर नाव हाय माजं." आणि पुरावा म्हणून म्हातारीने आतून एक प्लास्टिकची पिशवी आणली. रेशनकार्ड, आधार, वीजबिल, आणि त्यात चौघडी घातलेला शिबिराचा पिवळा कागद. टोकन नंबर एक. "सा वाजता पयली येऊन बसली होती मी."

जयंतीने तो आकडा पुन्हा वाचला. मग तिने घाईघाईने प्रिंट काढला. टोकन एक. वय शहाऐंशी. नंबर म्हातारीचाच. फक्त नाव अक्षता घरतचं. म्हणजे म्हातारीचा चष्मा अक्षताच्या घरी होता! आणि अक्षताचा तिच्या टोकनासमोर ज्याचं नाव होतं त्याच्याकडे. एकही चष्मा नव्याने करायला नको होता. सगळेच्या सगळे ह्याच गावात होते, फक्त भलत्या नाकांवर.

अक्षता मागच्याच गल्लीत राहत होती. "डोकं फिरतं म्हणून मी लावलाच नाय," असं म्हणत तिने फळीवरून डबी काढून दिली. द्रौपदीबाईंनी तो चष्मा लावला, समोरच्या ढिगाकडे पाहिलं, आणि दोन बोटांनी एक बारीकसा खडा उचलून जयंतीच्या तळहातावर ठेवला. "ह्यो बघ," ती म्हणाली, आणि तिचे डोळे वाहू लागले. जयंतीही रडली. छातीवरचा दगड थोडासा सरकला.

दुपारपर्यंत देवळाच्या ओट्यावर गाव जमलं. ज्याच्या त्याच्या हातात तो पिवळा कागद होता. गरीब माणूस सरकारी-निमसरकारी कागद टाकत नाही. त्याच्या जोरावरच त्याला उद्या दारात उभं करतात. ते गोळा करून जयंतीने यादीत प्रत्येक टोकनासमोर खरं नाव लिहून घेतलं. मग ती टोकन आणि खरं नाव पुकारायची, यादीत तिथे ज्याचं नाव छापलेलं होतं तो चष्मा काढून द्यायचा. शिव्या बसल्या. "आमी काय येडे वाटलो काय तुमाला?" एकाने विचारलं. तिने पुढचा नंबर पुकारला. थोड्या वेळाने हसूही फुटलं, कारण सीताराम चोगल्यांना पाच आठवड्यांनी स्वतःची बायको स्पष्ट दिसली आणि ते म्हणाले, "ही कोण?"

"टोकन एकशे बारा," जयंतीने पुकारलं. "सुगंधा वैती."

कोणी पुढे आलं नाही. गलका हळूहळू थांबला. मग मागून नितेश वैती आला. त्याच्या हातात रुमालात गुंडाळलेला एक चष्मा होता, एक काच तडकलेला.

"आई गेली," तो म्हणाला. "बारा दिवस झाले. जेट्टीच्या पायरीवरनं पडली."

जयंतीने हातातली यादी खाली ठेवली. खोटं बोलण्याची एक वाट होती, वय झालं होतं म्हणायची. ती वाट तिला स्पष्ट दिसली.

"तो चष्मा त्यांचा नव्हता," ती म्हणाली. "नंबर दुसऱ्याचा होता. मी चुकले."

नितेशने तडकलेल्या काचेवरून बोट फिरवलं.

"म्हणायची, पायऱ्या वर येतात," तो म्हणाला. "रोज म्हणायची. काढते म्हणाली, तर मीच ओरडलो. बाईंनी सांगितलंय ना, काढायचा नाय."

त्याने पुढे काही म्हटलं असतं, मारलं असतं तरी तिला बरं वाटलं असतं. तडकलेला चष्मा ज्याचा होता त्याने तो तसाच ठेवून घेतला. ज्याच्याकडे सुगंधाबाईंचा खरा चष्मा गेला होता, त्या माणसाने तो गुपचूप काढून नितेशच्या हातात ठेवला. नितेशने तो उलटापालटा करून पाहिला आणि जयंतीपुढे धरला.

"ह्याचं मी काय करू? तुमच्याकडेच ठेवा."

सोमवारी जयंती साडेआठलाच दवाखान्यात पोचली. गावातला कोणाचा तरी व्हिडिओ रात्रीच मॅडमपर्यंत गेला होता. 'उद्या बोलू' एवढाच त्यांचा निरोप होता, आणि त्याचा अर्थ समजायला एक्सेल लागत नव्हतं. तिने फाइल उघडली. टोकनांच्या कागदांवरून उतरवलेली एकशे शहाऐंशी नावं एकेक करून आपापल्या ओळीत टाइप केली. चार्टकडे पाहिलं. हिरवा गोल तसाच होता, कुठे काही हललं नव्हतं.

मग ती टोकन एकशे बाराच्या ओळीवर आली. वय अडुसष्ट. 'चष्मा मिळाला' ह्या रकान्यात 'हो' होतं. तिने ते खोडलं आणि 'नाही' लिहिलं.

मनाली मॅडम आल्या तेव्हा त्यांच्या मागे कंपनीची तीन माणसं होती. स्क्रीनकडे बघून त्या थबकल्या, वाकल्या.

"हे लाल काय दिसतंय मधे? रेघ आलीये बघा. काढून टाका पटकन."

हिरव्या गोलात मध्यापासून कडेपर्यंत एक लाल फट पडली होती, केसाएवढी.

"रेघ नाही, मॅडम," जयंती म्हणाली. "त्या सुगंधा वैती आहेत."

तिने फाइल सेव्ह केली, बंद केली, टिपांची वही श्रुतिकाच्या टेबलावर ठेवली. कीबोर्डजवळचा सुगंधाबाईंचा चष्मा उचलून पदराने दोन्ही काचा पुसल्या, आणि तो डबीत ठेवला.